एका कळीचे दोन धनी

एखाद्या कचेरीतील दुपारची वेळ आहे. एक अंध कारकून संगणकापुढे बसून पगारपत्रकाचा तक्ता तपासत आहे. यंत्राचा आवाज त्याच्या कानात एकेक रकाना वाचून दाखवीत आहे. खालच्या ओळीतील आकडा ऐकण्यासाठी तो कंट्रोल, ऑल्ट आणि खालच्या बाणाची कळ अशा तीन कळा एकदम दाबतो. या खेपेस आकडा ऐकू येत नाही. तो त्याच कळा पुन्हा दाबतो. तेवढ्यात शेजारच्या टेबलावरून कोणीतरी विचारते, ‘अहो, तुमचा पडदा उलटा कसा झाला?’ पडद्यावरील सर्व अक्षरे डोके खाली आणि पाय वर करून उभी आहेत, आणि ज्याच्या बोटांनी हे घडले त्यालाच त्याची वार्ता नाही.

हा प्रसंग नमुन्यादाखल घेतला आहे, परंतु त्यामागची टक्कर खरी आहे. कंट्रोल, ऑल्ट आणि बाण या तीन कळांना अंधांसाठी बोलणाऱ्या आज्ञावलीने ‘तक्त्यात पुढच्या रकान्याकडे चल’ असा अर्थ दिला होता. पुष्कळशा संगणकांत पडद्यावरचे चित्र सांभाळणारी जी सहायक आज्ञावली असे, तिने त्याच कळांना ‘चित्र फिरव’ असा अर्थ दिला होता. दोघींनी एकमेकींना विचारले नव्हते. डोळस माणसाच्या हातून ही चूक घडली तर तो क्षणभर हसतो आणि माऊस हाती घेऊन ती दुरुस्त करतो. अंध माणसाला चूक कोठे झाली हेच शोधून काढावे लागते, आणि हा शोधदेखील त्याच कळांच्या साहाय्याने करावा लागतो. मराठीत एखाद्या प्रश्नाच्या मर्माला कळीचा मुद्दा म्हणतात. येथे तो शब्द अक्षरशः खरा ठरतो. कळ कोणाची, हाच येथला मुद्दा आहे.

या भांडणाला सुमारे चाळीस वर्षांचा इतिहास आहे. परंतु तो नीट समजण्यासाठी त्याही पूर्वीच्या काळाकडे पाहिले पाहिजे. कळफलक आणि अंध मनुष्य यांचे नाते संगणकापेक्षा फार जुने आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी इटलीत पेलेग्रिनो तुर्री नावाच्या गृहस्थाने आपल्या स्नेह्यांतील एका अंध सरदार स्त्रीसाठी लिहिण्याचे एक यंत्र तयार केले. तिला आपली पत्रे दुसऱ्याच्या हातून लिहवून न घेता स्वतः लिहिता यावीत, हा त्याचा हेतू होता. ते यंत्र आज उरलेले नाही. तथापि त्यावर लिहिलेली काही पत्रे जपून राहिली आहेत, आणि त्यांतील सर्वांत जुने पत्र १८०८ सालचे आहे. ज्या यंत्राला पुढे टंकलेखन यंत्र म्हणू लागले त्याच्या पूर्वजांपैकी एक असे एका अंध व्यक्तीच्या गरजेतून जन्मास आले. आपले मन आपल्याच बोटांनी कागदावर उतरावे, मध्ये तिसरा मनुष्य नसावा, ही ती गरज होती. पुढील सर्व इतिहासाच्या मुळाशी हीच इच्छा आहे.

१८२९ साली लुई ब्रेल यांनी आपली उठावाच्या ठिपक्यांची लिपी प्रसिद्ध केली. सहा ठिपक्यांच्या मांडणीतून सर्व अक्षरे साधणारी ही लिपी बोटांच्या टोकांसाठीच घडवलेली होती. १८९२ साली अमेरिकेतील इलिनॉय येथील अंधशाळेचे अधीक्षक फ्रँक हॉल यांनी ती लिहिण्याचे यंत्र तयार केले. सहा ठिपक्यांना सहा कळा, अशी त्याची सरळ रचना होती. १९५१ साली पर्किन्स ब्रेलर हे सुप्रसिद्ध यंत्र बाजारात आले. त्यावरही ठिपक्यांच्या सहा कळा, आणि त्यांच्या जोडीला शब्दांतील जागा सोडण्याची, एक घर मागे येण्याची व ओळ बदलण्याची अशा तीनच कळा होत्या. या यंत्रांवर कळांचे भांडण होऊच शकत नव्हते. एका कळीला एक काम होते आणि त्या कामाला दुसरा वाटेकरी नव्हता.

भांडण होत असे ते लिपीच्या अर्थाविषयी. ठिपक्यांची एकच आकृती एका पद्धतीत एक अक्षर दाखवी आणि दुसऱ्या पद्धतीत दुसरे. आपल्या देशातही निरनिराळ्या भाषांसाठी निरनिराळ्या ब्रेल पद्धती चालू होत्या. १९५१ साली भारतीय भाषांसाठी एक समान भारती ब्रेल मान्य झाली तेव्हा हा गोंधळ मिटला. ‘क’ हे अक्षर मराठीतले असो, हिंदीतले असो की कानडीतले असो, त्याची खूण एकच, असे ठरले. एका खुणेचे दोन अर्थ झाले की त्याचा भार वाचणाऱ्यावर पडतो, आणि तो भार मोठ्यांनी एकत्र बसून उतरवावा लागतो, हा धडा त्या निर्णयात होता. कळांच्या बाबतीत हा धडा पुन्हा पहिल्यापासून गिरवावा लागला.

१९८१ साली आयबीएम कंपनीचा वैयक्तिक संगणक विक्रीस आला आणि थोड्याच वर्षांत कचेऱ्यांतील टंकलेखन यंत्रे मागे पडू लागली. टंकलेखन हा अंधांना साध्य झालेला व्यवसाय होता, कारण कुशल टंकलेखक कळांकडे पाहत नाही. आजही कळफलकावर एफ आणि जे या दोन अक्षरांच्या कळांवर बारीक उंचवटे असतात. त्यांच्या आधाराने बोटे आपले घर ओळखतात. परंतु संगणकात लिहिलेला मजकूर कागदावर न उमटता काचेच्या पडद्यावर उमटे, आणि काचेला स्पर्श करून काही कळत नसे. पडद्यावर काय आहे हे मोठ्याने वाचून दाखवणारी एखादी आज्ञावली असल्याखेरीज अंध टंकलेखकाची नोकरी राहणार नव्हती.

अशा आज्ञावलीला स्क्रीन रीडर म्हणतात. आयबीएम कंपनीतील गणितज्ञ जिम थॅचर यांनी आपले अंध गुरू आणि सहकारी जेसी राइट यांच्या साथीने या कामास हात घातला, आणि १९८० च्या दशकाच्या मध्यास त्या कंपनीचा स्क्रीन रीडर तयार झाला. पुढे हे विशेषनाम या जातीच्या सर्वच आज्ञावलींचे सामान्यनाम बनले. थॅचर यांच्यापुढे जो प्रश्न उभा राहिला तो आपला आजचाच प्रश्न होय. लिहिणारा मनुष्य कळफलकावर दोन भिन्न जणांशी बोलत असतो. ‘हे अक्षर लिही’ असे तो लेखनाच्या आज्ञावलीला सांगतो, आणि ‘ही ओळ वाचून दाखव’ असे स्क्रीन रीडरला सांगतो. कळफलक एकच. मग कोणती कळ कोणासाठी, हे यंत्राने ओळखावे कसे?

त्या स्क्रीन रीडरने दिलेले उत्तर साधे आणि प्रामाणिक होते. त्याच्यासोबत अठरा कळांचा एक छोटा वेगळा फलक येत असे. वाचनाच्या आज्ञा त्या फलकावर द्यावयाच्या आणि लेखन मुख्य कळफलकावर करावयाचे. दोन भावांना दोन घरे बांधून दिली की अंगणावरून भांडण होत नाही. परंतु वेगळे घर म्हणजे वेगळा खर्च. शिवाय हा फलक ज्या यंत्राला जोडलेला असे त्याच यंत्रावर काम करता येई, आणि लिहिता लिहिता हात उचलून दुसरीकडे न्यावा लागे. कचेरीतील कोणत्याही संगणकावर बसून काम करू इच्छिणाऱ्याला हा उपाय पुरेसा नव्हता.

म्हणून इतर स्क्रीन रीडरांना मुख्य कळफलकावरच जागा शोधावी लागली, आणि तेथे तर आधीच गर्दी झालेली होती. त्या काळी लेखनासाठी वर्डपर्फेक्ट ही आज्ञावली फार लोकप्रिय होती. तिने कळफलकाच्या वरच्या रांगेतील एफ-एक, एफ-दोन इत्यादी प्रत्येक कळीला चार चार कामे नेमून दिली होती. नुसती दाबली तर एक, शिफ्टबरोबर दुसरे, कंट्रोलबरोबर तिसरे आणि ऑल्टबरोबर चौथे. भाड्याच्या चाळीत एकही खोली रिकामी नसावी आणि नव्या भाडेकरूने सामानासह दारात येऊन उभे राहावे, तशी स्क्रीन रीडरची स्थिती झाली.

या सुमारास टेड हेंटर यांचे नाव पुढे आले. ते मूळचे मोटारसायकलच्या शर्यतीतील खेळाडू आणि व्यवसायाने अभियंता. १९७८ साली मोटारीच्या अपघातात त्यांची दृष्टी गेली. त्यानंतर ते संगणकाच्या कामाकडे वळले. १९८७ साली त्यांनी एका सहकाऱ्यासह स्वतःची कंपनी काढली आणि १९८९ साली जॉज नावाचा स्क्रीन रीडर बाजारात आणला. त्याच्या इंग्रजी नावाची आद्याक्षरे उलगडली तर ‘वाणीच्या साहाय्याने नोकरीचा मार्ग’ असा आशय निघतो. हा केवळ सोयीचा विषय नसून पोटाचा विषय आहे, हे त्या नावातच सांगून ठेवले आहे.

कळांच्या वादात जॉजने रुळवलेला तोडगा पुढे सर्वत्र पसरला. कळफलकावर इन्सर्ट नावाची एक कळ असते. लिहिताना नवे अक्षर जुन्या अक्षराच्या जागी उमटावे की त्याला पुढे सरकवून मध्ये शिरावे, हे ठरवण्याचे तिचे मूळ काम. ते क्वचितच लागते. ही कमी कामाची कळ स्क्रीन रीडरने आपल्याकडे घेतली. इन्सर्ट धरून दुसरी कोणतीही कळ दाबली की ती आज्ञा स्क्रीन रीडरची, आणि इन्सर्टशिवाय दाबली की ती साधारणतः मूळ आज्ञावलीची. अंकांच्या कळांचा उजवीकडचा गटही वाचनाच्या आज्ञांसाठी वापरला गेला. वेगळ्या फलकाची जागा अशा रीतीने एका उसन्या कळीने घेतली.

हे घडते कसे, तेही पाहण्यासारखे आहे. कळ दाबली की कळफलक संगणकाला अक्षर पाठवीत नाही. अमुक क्रमांकाची कळ दाबली गेली, एवढीच वर्दी पाठवतो. स्क्रीन रीडर या वर्दीच्या वाटेवर देवडीवरच्या पहारेकऱ्यासारखा बसलेला असतो. प्रत्येक वर्दी प्रथम त्याच्या हाती येते. ती आपल्यासाठी असेल तर तो ती ठेवून घेतो आणि आतल्या आज्ञावलीला ती कधी आली हेही समजत नाही. आपली नसेल तर तो ती पुढे सोडतो. पहारेकरी एकटा असतो तोवर सारे सुरळीत चालते. त्याच वाटेवर दुसरा पहारेकरी येऊन बसला, किंवा आतील धन्याला नेमकी तीच वर्दी हवी असली, म्हणजे टक्कर होते.

या इतिहासातील एक धागा पुण्यापर्यंत येऊन पोहोचतो. टी. व्ही. रामन हे पुण्यात वाढले. काचबिंदूने चौदाव्या वर्षी त्यांची दृष्टी गेली. पुण्याच्या वाडिया महाविद्यालयात त्यांनी गणिताचा अभ्यास केला, मुंबईच्या आयआयटीत संगणकशास्त्राचा, आणि पुढे अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात गणिती मजकूर ऐकून समजावा यासाठी संशोधन करून १९९४ साली ते डॉक्टर झाले. १९९५ साली त्यांनी इमॅकस्पीक ही आज्ञावली प्रसिद्ध केली. संगणकतज्ज्ञांच्या वापरात असलेल्या इमॅक्स या संपादन-आज्ञावलीला तिने वाचा दिली. पडदा जसा दिसतो तसा वाचून दाखवावयाचा नाही, तर मजकुराचा अर्थ ध्यानात घेऊन तो बोलावयाचा, ही त्यांची दृष्टी होती.

रामन यांनाही आपल्या आज्ञांसाठी एक कळ हवी होती. इमॅक्समध्ये तर जवळजवळ प्रत्येक जोडकळीला काम नेमलेले होते. त्यांनी कंट्रोल आणि ई ही जोडी निवडली. इमॅक्समध्ये तिचा मूळ अर्थ ‘ओळीच्या शेवटी जा’ असा, म्हणजे नित्य लागणारा होता. तो अर्थ नाहीसा केला गेला नाही, परंतु त्यासाठी आता एक कळ अधिक दाबावी लागू लागली. जुन्या मालकाला घराबाहेर न काढता आतल्या खोलीत जागा द्यावी, अशी ही तडजोड होती. ज्याची कळ घ्यावयाची त्याच्यासाठी दुसरा दरवाजा उघडा ठेवला पाहिजे, हा न्याय तिच्यात दिसतो.

पुढे विंडोजचा काळ आला. १९९५ च्या जानेवारीत जॉजची विंडोजवरील आवृत्ती निघाली. डोळस लोक चित्रांवर माऊसने टिचकी मारू लागले. अंधाला तो बाण दिसत नाही. त्याचे सर्व व्यवहार कळफलकावरच राहिले, आणि म्हणून एकेका कळीची किंमत वाढली. त्यातच मांडीवर ठेवण्याचे लहान संगणक आले. त्यांच्यावर जागा कमी असल्यामुळे अंकांचा वेगळा गट नाहीसा झाला आणि कित्येकांवर इन्सर्टची कळही कोठल्यातरी कोपऱ्यात ढकलली गेली. यंत्र हलके झाले, पण अंधाची जुनी सवय अडचणीत आली.

तेव्हा कॅप्स लॉक या कळीकडे लक्ष गेले. इंग्रजी अक्षरे मोठ्या आकारात लिहिण्याचा खटका म्हणून ती डाव्या करंगळीजवळ असते. २००६ साली ऑस्ट्रेलियातील मायकेल करन या अंध तरुणाने एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर लिहावयास घेतला. थोड्याच काळात जेम्स टेह हे दुसरे अंध तरुण त्यांना येऊन मिळाले. हा स्क्रीन रीडर सर्वांना विनामूल्य मिळतो, आणि ज्यांना महागड्या आज्ञावली परवडत नाहीत अशांसाठी तो मोठाच आधार ठरला. त्यात इन्सर्ट किंवा कॅप्स लॉक यांपैकी कोणतीही कळ, अथवा दोन्ही, स्क्रीन रीडरची कळ म्हणून नेमता येते. कॅप्स लॉकचे मूळ काम हवे असेल तर ती लागोपाठ दोनदा दाबावयाची. येथेही तोच न्याय दिसतो: कळ घेतली, पण तिचे जुने काम बुडवले नाही.

इंटरनेटने या वादाला नवे वळण दिले. एखादे लांबलचक पान अंधाने पहिल्या शब्दापासून ऐकत बसावे, हे शक्य नव्हते. म्हणून स्क्रीन रीडरांनी पान वाचताना एकेका अक्षराची कळही आपल्याकडे घेतली. एच दाबले की पुढचे शीर्षक, टी दाबले की पुढचा तक्ता, ई दाबले की लिहिण्याची पुढची चौकट, सी दाबले की निवड करण्याची पुढची यादी. वाचताना कोणी लिहीत नाही, त्यामुळे या अक्षरांचे दुसरे काही काम नाही, असा त्यामागील विचार होता. चौकटीत लिहावयाचे झाले की स्क्रीन रीडर बाजूला होतो आणि अक्षरे जशीच्या तशी पुढे सोडतो. वाचनाची एक अवस्था आणि लेखनाची दुसरी. ती बदलली की एक बारीकसा आवाज होतो, त्यावरून आपण कोणत्या अवस्थेत आहोत हे उमगते.

हा विचार फार उपयुक्त ठरला. परंतु काही वर्षांतच पाने नुसती वाचण्याची राहिली नाहीत. ती स्वतःच आज्ञावली बनली. २००४ साली सुरू झालेली गूगलची टपालसेवा हे त्याचे परिचित उदाहरण होय. तिच्यात एकेका अक्षराच्या आज्ञा हव्या असल्यास चालू करता येतात. मग सी दाबले की नवे पत्र लिहावयास घ्यावयाचे, आणि ई दाबले की समोरचे पत्र दप्तरी टाकावयाचे. स्क्रीन रीडर वाचनाच्या अवस्थेत असेल तर ही अक्षरे टपालसेवेपर्यंत पोहोचतच नाहीत. उलट अवस्था बदललेली असेल आणि ते ध्यानात आले नसेल, तर लिहिण्याची चौकट शोधण्यासाठी दाबलेले ई हे अक्षर एखादे महत्त्वाचे पत्र डोळ्यांआड करते. डोळस माणसाला पत्र नाहीसे होताना दिसते. अंधाला तेथे पत्र नाही एवढेच पुढे केव्हातरी समजते.

या उपद्रवावर आणखी एक उपाय आधीच उपलब्ध होता. एनव्हीडीएमध्ये स्क्रीन रीडरची कळ धरून एफ-दोन दाबले, किंवा जॉजमध्ये इन्सर्टबरोबर वरच्या रांगेतील तीनचा अंक दाबला, की पहारेकरी त्यापुढची एक वर्दी न उघडता आत सोडतो. ‘ही कळ तुझी नव्हे, जाऊ दे’ असे त्याला सांगण्याची ही रीत आहे. पंचवीस कळांची अदलाबदल करण्यापेक्षा एका वेळेपुरती वाट मागून घेणे कित्येकदा सोपे असते.

सद्भावनेनेही भांडण वाढते, याचेही उदाहरण या इतिहासात आहे. १९९७ च्या डिसेंबरात संकेतस्थळांच्या लेखनपद्धतीची चौथी आवृत्ती प्रसिद्ध झाली. ऑल्टबरोबर एखादे अक्षर दाबले की पानावरील ठरावीक ठिकाणी जावे, अशी सोय पान लिहिणाऱ्याला तिने करून दिली. कळफलकावर अवलंबून असणाऱ्यांचे भले व्हावे हाच हेतू होता. परंतु ऑल्टबरोबरची कित्येक अक्षरे पाने दाखवणाऱ्या आज्ञावलींनी आधीच घेतलेली होती. ऑल्ट आणि एफ दाबले की फाइलची यादी उघडे, ऑल्ट आणि डी दाबले की पत्त्याची चौकट. नवा पाहुणा नेमका त्याच पाटावर येऊन बसू लागला. शेवटी २००६ साली फायरफॉक्सने अशा कळांसाठी ऑल्टच्या जोडीला शिफ्टही दाबावी, असा बदल केला. सोय करणाऱ्याने आधी घरात कोण राहते याची चौकशी केली नाही, म्हणजे सोयच गैरसोय होते.

भाषेच्या वाटेनेही हा तंटा येतो. कळफलकावर उजवीकडे जी ऑल्टची कळ असते ती युरोपातील अनेक भाषांत जादा अक्षरे लिहिण्यासाठी वापरतात, आणि विंडोज त्या कळीला कंट्रोल व ऑल्ट यांची जोडी असेच समजते. पोलंडमधील मनुष्य आपल्या भाषेतील शेपटीचा ‘ए’ उजव्या ऑल्टने लिहितो. एखाद्या आज्ञावलीने कंट्रोल, ऑल्ट आणि ए यांना आज्ञेचे काम दिले की त्याचे ते अक्षरच बंद पडते. आपल्या देशात २०१० साली रुपयाचे नवे चिन्ह स्वीकारले गेले. भारतीय कळफलकावर तेही उजवी ऑल्ट आणि चारचा अंक दाबून लिहितात. म्हणून कंट्रोल आणि ऑल्ट ही जोडी आज्ञांसाठी शक्यतो वापरू नये, असे विंडोज बनवणाऱ्या कंपनीनेच आज्ञावली लिहिणाऱ्यांना सांगून ठेवले आहे. जो मनुष्य अंध आहे आणि इंग्रजीखेरीज अन्य भाषेत लिहितो, त्याच्या बोटांवर हा भार दुहेरी पडतो.

इतक्या अनुभवानंतर नियम होणे स्वाभाविक होते. संकेतस्थळे सर्वांना वापरता यावीत यासाठी जी आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूत्रे आहेत, त्यांची नवी आवृत्ती ५ जून २०१८ रोजी प्रसिद्ध झाली. त्यातील एक कलम एकेका अक्षराच्या आज्ञांविषयी आहे. केवळ एखादे अक्षर, अंक किंवा चिन्ह दाबून आज्ञा सुटत असेल, तर तीन गोष्टींपैकी एक तरी असली पाहिजे, असे ते सांगते. ती आज्ञा बंद करता आली पाहिजे, किंवा तिची कळ बदलता आली पाहिजे, किंवा पानाच्या त्या विशिष्ट भागावर असतानाच ती चालली पाहिजे. विशेष हे की, हे कलम मुख्यतः बोलून लिहिणाऱ्यांना डोळ्यांसमोर ठेवून केलेले आहे. हातांनी काम करू न शकणारा मनुष्य तोंडाने एखादा शब्द उच्चारतो, आणि त्या शब्दातील एकेक अक्षर आज्ञा समजून पान भलतेच काहीतरी करू लागते. परंतु त्याच कलमाने कळफलकावरील अंधालाही हक्काची जागा मिळवून दिली. एका अपंग माणसाची अडचण नीट ओळखली की दुसऱ्याचीही वाट मोकळी होते, असा अनुभव पुष्कळदा येतो.

नियम झाला म्हणून तंटा संपला असे मात्र नाही. आज्ञावली दररोज नव्या निघतात आणि कळा तेवढ्याच राहतात. म्हणून अनुभवी लोकांनी तंटा सोडवण्याचा जो क्रम बसवला आहे तो ध्यानात ठेवण्यासारखा आहे. प्रथम, कळ कोण खात आहे ते शोधावे. बहुतेक स्क्रीन रीडरांत कळा ओळखून सांगण्याची एक अवस्था असते. एनव्हीडीएत आणि जॉजमध्ये स्क्रीन रीडरची कळ व एकचा अंक दाबून ती सुरू होते. तीत कोणतीही कळ दाबली तरी काम घडत नाही, त्या कळीचे काम काय तेवढे ऐकू येते. कळ स्क्रीन रीडरची निघाली आणि आतील आज्ञावलीला ती कधीमधीच हवी असली, तर ती त्या वेळेपुरती पुढे सोडावी. ती रोजच हवी असेल तर दोहोंपैकी ज्या आज्ञेची गरज कमी तिची कळ बदलावी. दोन्ही मोठ्या स्क्रीन रीडरांत कळांची अशी नवी वाटणी करता येते. भांडणारा तिसराच कोणी असेल, म्हणजे पडदा फिरवणाऱ्या त्या सहायकासारखा, आणि त्याच्या आज्ञेची गरजच नसेल, तर ती सरळ बंद करावी. आणि जे बदलले ते लिहून ठेवावे. कारण उद्या दुसऱ्या यंत्रावर बसावे लागले तर बोटांनी लावलेली नवी सवय तेथे उपयोगी पडत नाही.

श्रोत्यांपैकी ज्यांच्या कचेरीत, शाळेत किंवा घरात एखादी अंध व्यक्ती संगणकावर काम करीत असेल, त्यांच्यासाठीही या इतिहासात एक बोध आहे. यंत्रावर नवी आज्ञावली बसवताना किंवा जुनीची आवृत्ती बदलताना डोळस मनुष्य रंग बदलला का, चित्र बदलले का हे पाहतो. कळा बदलल्या का, हे त्याच्या ध्यानातही येत नाही. एका अंध माणसाने सहा महिने घासून बोटांत बसवलेली वाट अशा वेळी एका दुपारी मोडून पडते. बदल करण्यापूर्वी त्याला एकवार विचारावे, एवढी साधी गोष्ट पुष्कळ त्रास वाचवते.

वेगळ्या फलकापासून उसन्या कळीपर्यंत, उसन्या कळीपासून दोन अवस्थांपर्यंत आणि अवस्थांपासून नियमापर्यंत हा प्रवास झाला. त्यातील जे जे उपाय टिकले त्यांत एक गोष्ट समान दिसते. त्यांनी एका धन्याला जिंकवून दुसऱ्याला हाकलले नाही. दोघांपैकी कोणाचे ऐकावयाचे, हे ठरवण्याचा अधिकार त्यांनी कळ दाबणाऱ्याच्या हाती ठेवला. कळीचे दोन धनी दिसत असले तरी तिचा खरा धनी तिसराच आहे, आणि तो म्हणजे ती दाबणारा मनुष्य. तुर्रींच्या त्या अंध पत्रलेखिकेला दोनशे वर्षांपूर्वी हेच हवे होते. कचेरीतील त्या कारकुनालाही याहून अधिक काही नको आहे. कोणीतरी येऊन आपला पडदा सरळ करून द्यावा ही त्याची अपेक्षा नाही. तो उलटा झाला हे आपल्याला कळावे आणि तो सरळ करण्याची कळ आपल्याच बोटाखाली असावी, एवढेच त्याचे मागणे आहे.